पिल्लाचं चावणं आणि सततचं भुंकणं कसं आवरायचं?

मृण्मयी_द

लॅब्रॅडॉरचं नर पिल्लू आहे, वय 11 आठवडे. 8 आठवड्यांचं झाल्यावर आईपासून वेगळं केलं. खातं-पितं, खेळतं, शी-शूची सवयही बऱ्यापैकी लागत आली आहे. अडचणी दोनच, पण त्या दोन्हींनी घर हैराण झालंय.

एक म्हणजे चावणं. हात दिसला की हात, चालायला लागलं की घोटा, नाहीतर पायजम्याचं टोक. संध्याकाळी 7 ते 9 च्या दरम्यान तर अंगात आल्यासारखं करतं. घरभर सुसाट धावतं आणि मध्ये जो सापडेल त्याला दात लावतं. मुलगी 7 वर्षांची आहे. ती किंचाळत पळते आणि हे तिच्या पोटरीमागे.

दुसरं भुंकणं. दाराची बेल वाजली की, आम्ही जेवायला बसलो की, आणि त्याला प्लेपेनमध्ये (जाळीच्या छोट्या कुंपणात) ठेवून खोलीबाहेर पाऊल टाकलं की. बाहेर गेल्यावर तर भुंकण्याचं हळूहळू रडणं होतं.

आतापर्यंत जोरात 'नो' म्हणून झालं, नाकावर टिचकी मारून झाली, मोठ्यांनी सांगितलं म्हणून तोंड मिटून धरूनही झालं. टिचकी मारली की दोन पावलं मागे सरकून भुंकतं आणि दुप्पट जोरात अंगावर येतं. कालपासून डोक्याकडे हात नेला तरी मान मागे घेतंय. ते बघून फार वाईट वाटलं.

ते रागीट निघालंय का? हे किती दिवस चालणार? आणि नेमकं त्या क्षणी, दात हातावर असताना, काय करायचं? पहिल्या लसी झाल्या आहेत, रेबीजची अजून व्हायची आहे.

हर्षद_के

मृण्मयीताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण दिवसातून पन्नास वेळा लागणार आहे ते त्याचंच उत्तर.

दात कातडीला लागले की हात झटकायचा नाही. झटकलेला हात म्हणजे पळणारी शिकार, पिल्लू तो आणखी घट्ट पकडणार. सुळे सुईसारखे असतात, ओढल्यावर ओरखडाही लांब उठतो. हात ढिला सोडा आणि होता तिथेच थांबवा. हालचाल थांबली की मजा जाते आणि एक-दोन सेकंदांत पकड सैल होते. हात सुटला की ठरलेला एकच शब्द, समजा 'बास', नेहमीच्या आवाजात म्हणा आणि उठून खोलीच्या दारात लावलेल्या छोट्या गेटच्या पलीकडे जा. 20 ते 30 सेकंद त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. मग परत या, राग न धरता, आणि हातात खेळणं घेऊनच या. पुन्हा दात लागले तर पुन्हा हेच. लागोपाठ तिसऱ्यांदा झालं तर खेळ संपला, आता झोपेची वेळ झाली असं समजा.

यात दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे वेळ. दात लागणं आणि तुमचं निघून जाणं यात दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं तर पिल्लाला संबंधच लागत नाही. आधी रागावणं, मग समजावणं, मग उठणं, एवढ्यात त्याच्या दृष्टीने तो विषय कधीच संपलेला असतो. तसंच अर्धा मिनिट पुरतो. पाच मिनिटं बाहेर राहून जास्त काही शिकत नाही, फक्त एकटेपणाला घाबरायला शिकतं. दुसरी चूक म्हणजे आपण जाण्याऐवजी पिल्लाला उचलून पेनमध्ये टाकणं. त्याला पकडायला धावलात तर तो नवा खेळ होतो, उचलताना पुन्हा हात तोंडाशी जातो, आणि झोपायची जागा शिक्षेची होऊन बसते.

जाताना पायाला लटकत असेल तर खेळायच्या वेळी हार्नेसला दीड मीटरची हलकी दोरी बांधा आणि दुसरं टोक जड पलंगाच्या पायाला. मग तुम्हाला खोली सोडायची गरज नाही, दोन पावलं मागे सरकलं की झालं. दोरी गळपट्ट्याला नको, धाव घेतल्यावर मानेला हिसका बसतो. आणि दोरी बांधलेली असताना पिल्लाला एकटं सोडायचं नाही, पायात गुंतते.

आता खेळण्याबद्दल, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. 'चावलं की खेळणं द्या' असं सगळेच सांगतात. पण दात हातावर बसल्यावर तत्परतेने खेळणं पुढे केलं तर पिल्लू हिशोब मांडतं की हात चावला की खेळणं येतं. खेळणं द्यायचं ते दात लागण्याच्या आधी. पिल्लू तुमच्याकडे येताना तोंड अर्धवट उघडं आणि नजर हातावर, हे दिसलं की त्याच क्षणी टग (ओढाओढीचं लांब खेळणं) जमिनीवर सरपटवत न्या. टग किमान 60 सेंटिमीटर लांब घ्या, म्हणजे त्याचे दात आणि तुमची बोटं यांत वीतभर तरी जागा राहते. तोंडासमोर हवेत नाचवू नका, त्याने उडी मारायची सवय लागते. खेळणं हलायला हवं आणि हात शांत राहायला हवा. पिल्लू हलणाऱ्या वस्तूच्याच मागे लागतं.

कपड्याचं टोक धरलं तर जागेवर खांब व्हा. ओढाओढ केली की तुम्हीच टग झालात. सोडल्यावर पाच-सहा पावलं चाला, दात न लावता शेजारून चाललं तर चालता चालताच मांडीच्या शिवणीजवळ हात ठेवून तिथे त्याच्या कोरड्या खाद्याचा एक दाणा द्या. घोटे पकडणाऱ्या पिल्लाला घोट्याहून वर काहीतरी मिळतं हे कळलं की डोकं वर ठेवून चालायला लागतं.

संध्याकाळचं 'अंगात येणं' हे बहुतेक वेळा झोप कमी पडल्याचं लक्षण असतं. या वयाचं पिल्लू दिवसाच्या 24 तासांत 18 ते 20 तास झोपतं. घरात माणसांची वर्दळ असली की ते झोप टाळतं, आणि झोपेला आलेल्या तान्ह्या मुलासारखं किरकिर करण्याऐवजी चावत सुटतं. 'अजून दमवा म्हणजे शांत होईल' हा सल्ला इथे उलटा पडतो. साधारण एक तास जागं, दीड-दोन तास झोप असा दिवस बसवा. 7 ला त्रास सुरू होतो ना, मग 6 लाच शू करवून, दिवे मंद करून, चघळायला काहीतरी देऊन त्याला पेनमध्ये निजवा. पहिले दोन-तीन दिवस शेजारी बसावं लागेल.

टिचकी आणि तोंड धरणं आजपासून पूर्ण बंद करा. मान मागे घेतंय म्हणजे 'हात आला की दुखतं' हे त्याच्या डोक्यात बसू लागलंय. त्यावर उपाय असा: बसलेल्या पिल्लाच्या हनुवटीखाली खालून हात न्या, एक सेकंद टेकवा, हात काढा, मग दुसऱ्या हाताने दाणा द्या. क्रम महत्त्वाचा: आधी स्पर्श, नंतर दाणा. दाणा आधी दाखवला तर स्पर्शाकडे लक्षच जात नाही. एका वेळी दहादा, दिवसातून दोनदा. चार-पाच दिवसांनी हनुवटीनंतर गाल, मग कान, मग गळपट्टा. हात येताना पिल्लू मागे सरकलं तर तुम्ही एक पायरी घाईने चढलात, मागे या.

अनघा_पशुवैद्य

हर्षदनी वागणुकीचं नीट सांगितलंय, मी दातांचं आणि लसीचं सांगते.

मृण्मयी, पहिले दोन प्रश्न दातांशी जोडलेले आहेत. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. 12 ते 16 आठवड्यांच्या दरम्यान समोरचे छोटे दात पडायला लागतात, सुळे साधारण 5 ते 6 महिन्यांत बदलतात आणि 7 महिन्यांपर्यंत कायमचे 42 दात येऊन पूर्ण होतात. म्हणजे हिरड्या शिवशिवण्याचा खरा काळ तुमच्या पुढे आहे. येत्या दोन महिन्यांत चघळणं वाढलं तर 'शिकवलेलं सगळं वाया गेलं' असं समजू नका. चघळण्याची गरज दात आल्यावर कमी होते, पण माणसावर दात लावायचे नाहीत हे वयाने आपोआप येत नाही, ते आत्ताच शिकवावं लागतं. आता नियम पाळलेत तर 5-6 महिन्यांपर्यंत लक्षणीय फरक दिसतो.

चघळायला काय द्यायचं? वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा. नखाची खूण उमटली पाहिजे. उमटत नसेल तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण आहे. हरणाची शिंगं, जनावरांचे खूर, कठीण नायलॉन यांनी वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची चकतीच्या चकती उडते. शिजवलेलं हाड तर कधीच नको, त्याची अणकुचीदार कुसळं होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. आकार पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढा हवा. सगळ्यात सोपं म्हणजे जाडसर सुती कापड ओलं करून घट्ट पीळ द्या, मध्ये एक गाठ मारा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. थंडाव्याने हिरड्यांना आराम पडतो. हे लक्ष ठेवूनच द्या, आणि कापडाचे धागे सुटायला लागले की टाकून द्या, कारण गिळलेला लांब धागा आतड्यात अडकतो. जुने मोजे, जुनी चप्पल देऊ नका. जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कळत नाही.

रागीट आहे का, हे शरीरावरून बघायचं. खेळात चावणाऱ्या पिल्लाचं अंग सैल असतं, मागचा भाग वर आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून ते खेळायला बोलावतं, गुरगुरतं तेही चढ-उतार असलेल्या आवाजात. तुम्ही लिहिलंय त्यात मला तेच दिसतंय. काळजी करायची ती वेगळी: वाडग्याजवळ कुणी आलं की खाता खाता अंग एकदम ताठ होऊन थिजणं, डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दिसणं, ओठ वर उचलून खोल, एकसुरी गुरगुर. किंवा कानाला, कमरेला हात लागल्यावरच चावणं, म्हणजे तिथे दुखतंय. असं काही असेल तर घरी प्रयोग न करता तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेबीजची लस व्हायची आहे आणि दात लागताहेत. दाताने कातडी फाटली, ओरखडा उठला, रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. त्यावर चुना, हळद, तिखट असं काही लावायचं नाही, घट्ट बांधायची नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, लस घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. 'आपलंच तर पिल्लू आहे, घरातच असतं' म्हणून थांबू नका. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर उपाय जवळजवळ नाहीच, त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. आतापर्यंत तुमच्या किंवा मुलीच्या पोटरीवर असे ओरखडे उठले असतील तर तेही आजच सांगा. पिल्लाला ही पहिली लस सहसा 12 आठवड्यांच्या सुमाराला देतात, म्हणजे तारीख पुढच्या आठवड्यातलीच घ्या.

जाता जाता एक: शिकवताना दिलेला खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. सकाळी दिवसभराचं कोरडं खाद्य मोजून त्यातली मूठभर डब्यात वेगळी ठेवायची आणि तीच शिकवायला वापरायची, म्हणजे वजनही वाढत नाही. चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा-लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही अजिबात नाही.

रेवती_शि

भुंकण्याबद्दल लिहिते. तुम्ही तीन प्रसंग लिहिलेत आणि ती तीन वेगळी भुंकणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की बिघडतं. दुर्लक्ष करा, दुर्लक्ष करा असं सरसकट सांगितलं जातं, पण दुर्लक्ष फक्त एकाच प्रकाराला चालतं.

ते म्हणजे जेवतानाचं. ही मागणी आहे. तुमच्याकडे बघून, एकेक सुटं भुंकणं, मध्ये थांबून परिणाम काय होतो ते पाहणं. इथे नजर, शब्द, 'गप्प बस' हे सगळं मोबदल्यातच जमा होतं. पण नुसतं दुर्लक्ष अर्धंच काम करतं, कारण भुंकायचं नाही तर काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून तुम्ही ताटावर बसायच्या दहा मिनिटं आधी त्याचं पोट आणि मूत्राशय दोन्हींची सोय झालेली हवी. मग ताटापासून दोन मीटरवर चटई घाला आणि पोकळ रबरी खेळण्यात त्याचंच भिजवलेलं खाद्य भरून तिथे द्या. ते चाटण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. संपल्यावर गप्प बसून राहिलं तर कुणीतरी एकाने उठून चटईवर दाणा ठेवायचा. हाताने भरवायचा नाही आणि ताटातलं तर काहीच द्यायचं नाही.

दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस भुंकणं वाढतं. आधी चालत होतं ते आता चालत नाही म्हणून पिल्लू जास्त जोर लावून बघतं. याच टप्प्यावर घरं हार मानतात. आठव्या मिनिटाला कुणीतरी वैतागून तुकडा टाकतं, आणि पिल्लू शिकतं की आठ मिनिटं भुंकावं लागतं. कधी मिळतं, कधी नाही, हे तर सगळ्यात वाईट, त्याने सवय अधिक चिवट होते. घरात एकजण जरी फितूर असला तरी दुर्लक्षाचा उपाय सुरूच करू नका, तुम्ही जेवताना पिल्लाला दुसऱ्या खोलीत चघळणं देऊन ठेवा.

बेलचं भुंकणं हे दचकणं आणि उत्तेजना यांचं मिश्रण आहे. बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. अगदी हळू, तुम्हाला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात वाजवा. एक सेकंद थांबा, मग दाराच्या विरुद्ध बाजूच्या चटईवर पाच-सहा दाणे पसरून टाका. दाणे वेचताना नाक खाली जातं, पाठ दाराकडे होते आणि भुंकायला तोंड मोकळं राहत नाही. एका बैठकीत आठ-दहा वेळा. बेल ऐकून ते भुंकण्याऐवजी चटईकडे वळून बघायला लागलं की आवाज एक टप्पा वाढवा. दाणे टाकूनही खात नसेल तर आवाज मोठा झाला, कमी करा. पूर्ण आवाजावर जमल्यावर घरच्याच माणसाला बाहेर पाठवून खरी बेल वाजवायला लावा, पाहुणे त्यानंतर. हे शिकवून होईपर्यंत दारावर 'बेल वाजवू नका, फोन करा' अशी चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी खऱ्या बेलने पुसलं जातं.

'शांत' हा शब्दही शिकवता येतो, पण भुंकत असताना ओरडून नाही. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं तुम्हीही साथ देताय. दोन-तीन वेळा भुंकून श्वास घ्यायला थांबतं ना, ती फट पकडायची. त्या एका सेकंदात हळू आवाजात 'शांत', आणि दाणा. पुढच्या वेळी दोन सेकंद थांबून दाणा, मग तीन, पाच, आठ. मध्येच एखादं सोपं दोन सेकंदांचं द्या. नेहमी वाढवतच गेलात तर कंटाळतं. एक धोका आहे: भुंक, थांब, खा अशी साखळी बनू शकते. म्हणून न भुंकताच गप्प बसलेलं असतानाही दिवसातून दहा-बारा दाणे सहज जाता जाता टाका.

तिसरं, खोलीबाहेर गेल्यावरचं रडणं, ही भीती आहे. इथे 'रडून रडून झोपेल' हे करू नका. गप्प होतं ते शिकून नाही, थकून. आणि दुसऱ्या दिवशी पेन बघूनच लाळ गाळायला लागतं. सुरुवात तुम्ही पेनच्या शेजारी बसून करा. मग उभं राहून पुन्हा बसा. मग दारापर्यंत जाऊन या. मग दाराबाहेर 3 सेकंद, 5, 10, 4, 20, 8, 30. दर वेळी रडायच्या आत परत यायचं, आणि येताना-जाताना लाड नाहीत. रडू आलंच तर त्याच्याकडे परत जा, पण पुढच्या खेपेला वेळ निम्मी करा. फोन पेनकडे तोंड करून व्हिडिओवर ठेवा, म्हणजे दाराआडून अंदाज बांधावा लागत नाही. 5 मिनिटं शांत जमली की पुढचं भराभर वाढतं, पहिली पाच मिनिटंच वेळखाऊ असतात.

रात्री पेन तुमच्या पलंगाशेजारी घ्या, हात खाली सोडला की पोचेल असा. रात्री रडलं तर आधी शूला न्या: दिवे लावायचे नाहीत, बोलायचं नाही, शू झाली की परत. या वयात जागेपणी मूत्राशय साधारण तीन-साडेतीन तास धरतं, रात्री थोडं जास्त.

केदार_म

छान माहिती. भुंकलं की कंपन किंवा हलका झटका देणारे, फवारा मारणारे पट्टे मिळतात. बेलसाठी तात्पुरता वापरला तर लवकर फरक पडतो ना?

रेवती_शि

केदार, आवाज थांबतो, पण भुंकण्यामागचं कारण तसंच राहतं. पिल्लू दाराकडे बघत असताना झटका बसला तर ते त्याचा संबंध स्वतःच्या भुंकण्याशी लावेलच असं नाही. दारातल्या माणसाशी लावेल, समोरच्या मुलीशी लावेल. आज बेलला उत्साहाने भुंकणारं पिल्लू पाहुण्यांना घाबरून भुंकणारं होतं, आणि तो गुंता सोडवायला महिने जातात. शिवाय काही पट्टे शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यावरही चालू होतात, म्हणजे गप्प बसलेल्याला शिक्षा. 14 आठवड्यांपर्यंतचा काळ नव्या माणसांशी, आवाजांशी ओळख होण्याचा असतो. या वयात बसलेली भीती सहज जात नाही. हा पट्टा नकोच.

मृण्मयी_द

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघाताई, मुलीच्या पोटरीवर परवाचा एक ओरखडा आहे, आज संध्याकाळचीच डॉक्टरांची वेळ घेतली. तोंड धरणं, टिचकी बंद केलंय.

तीन शंका आहेत. चावल्यावर पिल्लासारखं 'कँय' करून ओरडा, असं खूप ठिकाणी वाचलं. आमचं पिल्लू त्याने जास्तच चेकाळतं. दुसरं, मुलीने नेमकं काय करायचं? तिला 'पळू नकोस' सांगून उपयोग होत नाही. आणि सासरे म्हणतात की आत्ता धाक बसवला नाही तर मोठेपणी डोक्यावर बसेल. त्यांना काय सांगू?

हर्षद_के

'कँय' काही पिल्लांना लागू पडतं. ती दचकून थांबतात, तुमच्याकडे बघतात. बाकीच्यांना तो खेळण्यातल्या पिपाणीसारखा आवाज वाटतो. दोनदा करून चेकाळलं तर तिसऱ्यांदा करू नका. तुमच्या पिल्लाचं उत्तर मिळालंय, 'बास' आणि निघून जाणं यावरच राहा.

मुलीला काय करायचं नाही हे न सांगता काय करायचं ते द्या: झाड व्हायचं. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, हातांची घडी छातीशी, बोटं काखेत लपवायची, मान खाली आणि नजर स्वतःच्या अंगठ्यांवर, मनात दहा आकडे. पिल्लाच्या डोळ्यांत बघायचं नाही, ओरडायचं नाही. हा सराव आधी पिल्लू झोपलेलं असताना करा. तुम्ही पिल्लू व्हा, 'झाड!' म्हणा, तिने थिजायचं. असं पंधरा-वीस वेळा खेळून झाल्यावरच खऱ्या पिल्लासमोर. तरीही 7 वर्षांच्या मुलीकडून दर वेळी जमेल अशी अपेक्षा नको, म्हणून पिल्लू जागं आणि मोकळं असेल तेव्हा तुमच्यापैकी एकजण हाताच्या अंतरावर हवाच. 7 ते 9 या वेळात दोघांच्या मध्ये गेट. तिला मजेचं काम द्या: ती सोफ्यावर बसून दाणा दूर फेकेल, पिल्लू शोधून परत येईल, समोर बसलं की पुढचा दाणा. यात हात तोंडाजवळ जातच नाही आणि पिल्लू शिकतं की ही मुलगी जवळ शांत बसल्यावर खाऊ देते.

सासऱ्यांना असं सांगून बघा. धाकाने पिल्लू आधी सोडतं ते गुरगुरणं. गुरगुर म्हणजे 'मला नकोय, थांबा' ही सूचना. ती दाबली तर नको वाटणं जात नाही, सूचना तेवढी जाते, आणि पुढे 30 किलोचा कुत्रा काहीही न कळवता थेट चावतो. नियम कडक असावेत हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. दात लागले की खेळ बंद, दर वेळी, सगळ्यांकडून. त्यांना यातलंच एक काम सोपवा: खेळताना टग सोडायला शिकवणं. टग ओढणं थांबवून हात मांडीला टेकवून घट्ट स्थिर ठेवायचा, दुसऱ्या हाताने नाकाशी दाणा न्यायचा, तोंड उघडताच 'सोड' म्हणायचं, दाणा द्यायचा आणि लगेच टग परत खेळायला द्यायची. परत देणं विसरू नका. सोडलं की वस्तू जाते असं वाटलं तर उद्या मोजा तोंडात घेऊन पलंगाखाली पळेल. रोज दहा वेळा केलं तर आठवडाभरात दाणा न दाखवता जमायला लागतं, आणि शब्द मिळतो तो आयुष्यभर वापरायला.

मृण्मयी_द

हे त्यांना नक्की आवडेल. अनघाताई, शेवटचं: दात पडतील तेव्हा रक्त आलं तर काही करायचं का? आणि गिळला तर?

अनघा_पशुवैद्य

टगवर किंवा ओल्या कापडावर गुलाबी डाग दिसतील, श्वासाला थोडा लोखंडासारखा वास येईल, तेवढं नेहमीचं आहे. बहुतेक दात ते गिळूनच टाकतं, त्याने काही होत नाही. हलणारा दात ओढून काढू नका, मूळ आत तुटून राहतं. त्या दिवसांत टग अगदी हळू खेळा आणि वर उचलून लटकवू नका. कोरडं खाणं टाळायला लागलं तर ते कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या.

5 महिन्यांनंतर आठवड्यातून एकदा ओठ बाजूला करून सुळे बघायचे. हनुवटीच्या सरावामुळे तोवर ते तोंडही बघू देईल. दुधाचा सुळा बारीक आणि टोकदार असतो, नवा जाड. दोन्ही एकाच जागी शेजारी शेजारी उभे दिसले आणि दुधाचा हलत नसेल तर घेऊन या. मध्ये अन्न अडकून हिरडी सुजते आणि नवा सुळा वाकडा येऊन टाळूला टोचू शकतो.